ही भेट तुम्ही का निवडली?

परदेशात नोकरीला जायचं असेल, तर आधी एका अनोळखी माणसाला आपण सकाळी काय खातो ते इंग्रजीत सांगावं लागतं. पासपोर्ट, डिग्री, पोलिसांचा दाखला असं सगळं गोळा झालं तरी यातून सुटका नाही. माणूस नर्स असो, फिटर असो की कॉम्प्युटरवाला, टेबलापलीकडे परीक्षक बसतो, रेकॉर्डर चालू करतो आणि सुतकी चेहऱ्यानं विचारतो, 'तुम्हाला फुलं आवडतात का?' या प्रश्नापायी रडत घरी आलेली धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. अशांची तयारी करून घेणं हा माझा धंदा.

हायस्कुलात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि राहात्यात एका खत-बियाण्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. खाली युरिया, वर इंग्रजी. खोलीला कीटकनाशकाचा वास कायमचा. शहरातून आलेली एखादी पोरगी रुमाल नाकाला लावायची, आमच्या मुलांना मात्र त्या वासानं घरच्यासारखं वाटायचं. क्लासला मी एक चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पाटीही रंगवून घेतली होती. पण लोक 'बाईंचा क्लास' म्हणत राहिले, तेव्हा पाटीचा खर्च फुकट गेला.

ज्यांना या परीक्षेचा गंधही नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोलण्याच्या परीक्षेचे तीन भाग असतात. पहिल्यात रोजच्या जगण्याचे प्रश्न: घर, जेवण, झोप, वाढदिवस. दुसऱ्यात हातात एक कार्ड देतात, त्यावर विषय असतो. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं न थांबता बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर जगाचं काय चाललंय ते परीक्षकाला समजावून सांगायचं. या सगळ्यात परीक्षक तुम्हाला 'वा' म्हणत नाही, 'अरेरे' म्हणत नाही, मानसुद्धा हलवत नाही. वेळ संपली की वाक्याच्या मधेच 'थँक यू' म्हणून तोडतो.

आमच्या भागात खरी अडचण इथंच येते. आपण बोलताना समोरच्यानं 'हूं' म्हणायचं असतं. हूं न म्हणणारा माणूस एक तर रागावलेला असतो नाही तर झोपलेला. मी परीक्षक होऊन गप्प बसले की मुलं तिसऱ्या वाक्याला थांबायची आणि मराठीत विचारायची, "बाई, चुकलं का?" चुकलेलं काही नसायचं. त्यांना भिंतीशी बोलायची सवय लावणं हे निम्मं काम होतं, आणि त्या भिंतीचं काम मी करत होते.

बाकीचं निम्मं काम म्हणजे प्रश्न आमच्या जगण्यात बसवणं. पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही कुठून आलात? पासपोर्टवर जिल्ह्याचं एक नाव, नव्या पाट्यांवर दुसरं, आणि तोंडात पिढ्यान्‌पिढ्या नुसतं 'नगर'. पोरं तिन्ही नावं सांगायची, वर खुलासा करायची, आणि परीक्षकाला वाटायचं की हा तीन गावांत राहतो. शेवटी मी फर्मान काढलं, 'शिर्डीजवळ' म्हणा आणि पुढं चला. 'सुट्टीच्या दिवशी काय करता?' या प्रश्नावर कोपरगावच्या एका मुलानं मला सांगितलं की आमच्याकडे शनिवार-रविवार नसतो, बाजारचा दिवस असतो. 'सकाळी किती वाजता उठता?' यावर त्याचं उत्तर होतं, 'वीज येते तेव्हा.' कारण विहिरीवरची मोटर चालू करायला तोच जायचा, आणि शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. 'वाढदिवस कसा साजरा करता?' तर म्हणे, मित्र माझा फोटो चौकात लावतात. मी म्हटलं, बाळा, हे ऐकून परीक्षकाला वाटेल की तू हरवला आहेस नाही तर वारला आहेस. पण तो खोटं काहीच बोलत नव्हता. मी त्याला तेच सांगायला लावलं, फक्त दोन वाक्यं जास्त घालून. तो आता परदेशात कुठंतरी ट्रक चालवतो, आणि वाढदिवसाला त्याचा फोटो इकडे चौकात अजून लागतो.

एका बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्याचा मुलगा पुण्याला परीक्षेला निघाला आणि हा पेरूचा क्रेट घेऊन बरोबर. राहात्याचे पेरू, तेही झाडावरून निवडून काढलेले. मी फोनवर ओरडले, अहो, तिथं मुलाला पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत, क्रेट कसला नेताय? तर शांतपणे म्हणाले, "बाई, लेकाचं काम हाय त्या सायबाकडं. रिकाम्या हातानं कसं जायचं? आपल्यात रीत हाय का तशी?" परीक्षा एका मोठ्या हॉटेलात होती. दारावरच्या रखवालदारानं क्रेट अडवला, चौकशी केली, आणि दिवसभर तो आणि हे गृहस्थ झाडाखाली बसून पेरू खात होते. रखवालदार निघाला पाथर्डीकडचा. संध्याकाळपर्यंत त्याच्या पुतण्यासाठी आमच्याकडची एक मुलगी सुचवूनही झाली होती. मुलाचे मार्क बेताचेच आले. बाप मात्र अजून म्हणतो, की सायबापर्यंत पेरू पोचले असते तर निकाल वेगळा लागला असता.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही कार्डं मोसमासारखी असतात. एखादा विषय आला की काही महिने फिरत राहतो, मग जातो. एका मोसमात कार्ड फिरत होतं ते असं: 'तुम्ही कुणाला दिलेल्या एखाद्या भेटीबद्दल सांगा. कुणाला दिली, काय दिलं, आणि ही भेट तुम्ही का निवडली?'

वाचायला सोपं वाटतं. माझ्या क्लासमध्ये या कार्डानं जेवढी माणसं आडवी पाडली तेवढी व्याकरणानंही पाडली नसतील. आपल्याकडे देण्याघेण्याला कमी आहे असं नाही. लग्न म्हणू नका, बारसं म्हणू नका, वास्तुशांत म्हणू नका. टॉवेल-टोपी, खण-नारळ, साडी, स्टीलचे डबे, सगळं अखंड चालू असतं. पण ते घरानं घराला दिलेलं असतं. त्यांनी आपल्याला केलं म्हणून आपण त्यांना करायचं. कपाटात आहेराच्या साड्यांची एक चवड असते, प्रत्येकीच्या घडीत कुणाकडून आली त्याची चिठ्ठी, म्हणजे ती फिरून त्याच घरी जायला नको. लग्न निघालं की चवडीतून एक साडी बाहेर येते. 'ही भेट तुम्ही का निवडली?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'ती सगळ्यात वर होती' हे आहे. ते परीक्षकाला दोन मिनिटं कसं सांगणार?

मग पोरं इंटरनेटला शरण जातात. तिथं एक तयार उत्तर आहे: वडिलांच्या वाढदिवसाला मी त्यांना मनगटी घड्याळ दिलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी वडिलांना अशी घड्याळं मिळाली. बिचारे अजून उन्हाकडे बघून वेळ सांगतात.

कांचन माझ्याकडे आली ती याच घड्याळानं पडून आली होती. राहात्याजवळच्या वस्तीवरची सून, एका मोठ्या दवाखान्यात नर्स. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला निवडलं होतं. लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षा ती पास होती, नुसतं बोलण्यात अर्ध्या मार्कानं अडकली होती, तेही दोनदा. एजंटनं सांगून टाकलं होतं की या खेपेला झालं नाही तर जागा दुसरीला जाईल. घरी सासरे म्हणाले होते, "आता ही शेवटची. मंग बास झालं विंग्रजी."

मी विचारलं, "दुसऱ्या वेळी कुठं अडलीस?"

"बाई, दिरानं उत्तर लिहून दिलं होतं. घड्याळाचं. पाठ केलं होतं. नीट म्हटलं पण. मग तो साहेब म्हणाला, वडील ते घड्याळ अजून घालतात का?"

"मग?"

"माझे वडील मी लहान असतानाच गेले, बाई. मला काही सुचलंच नाही. गप्पच बसले."

माझा असा संताप झाला की त्या दिराला समोर उभं करून त्याच्याकडून सगळी क्रियापदं चालवून घ्यावीत. पण तो इंजिनीअरिंगच्या परीक्षेत गुंतला होता, आणि तिथंही त्याचं काही खरं नव्हतं.

कांचनचं इंग्रजी वाईट नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांशी ती झराझरा बोलायची. तिची गाडी अडायची ती 'मी'पाशी. तुला काय आवडतं, म्हटलं की 'आमच्या घरी सगळ्यांना' असं सुरू. तू काय ठरवलंस, म्हटलं की 'घरच्यांनी'. मी परीक्षकाचा चेहरा करून पुन्हा विचारायचे, तरी ती सासर-माहेर फिरून यायची, स्वतःकडे काही यायची नाही.

एकदा वैतागून मी मराठीतच विचारलं, "तुला जायचंय तरी कशासाठी? घर बांधायचंय का, दिराचं शिक्षण करायचंय का?"

तिनं जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्यांना मी तेच सांगते. पण खरं सांगू का बाई? मला एक खोली पाहिजे. सुट्टीच्या दिवशी दार लावून झोपायला. मूल का नाही, भाकरी का करपली, कुणी काही विचारू नये. नवरा मागून येणारच आहे. पण आधी थोडे महिने मी एकटी."

तिचा नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर. चांगला माणूस, बायकोनं जावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण मशीनच्या आवाजात राहून घरात न बोलायची त्याला सवय लागली होती, आणि आईपुढं तर तो मुळीच तोंड उघडायचा नाही.

मी तिला घरचा अभ्यास दिला. कुणालाही एक भेट द्यायची. सण नाही, लग्न नाही, वाढदिवस नाही. चवडीतली साडी नाही. घरच्यांना विचारायचं नाही. एका माणसाला, तू स्वतः निवडून. मग ये आणि मला इंग्रजीत सांग.

पुढच्या खेपेला ती आली, खुर्चीत बसली, आणि मी परीक्षकासारखा प्रश्न टाकल्यावर स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "मी माझ्या सासूला संडासची खुर्ची दिली."

परीक्षकानं हसायचं नसतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ती बोलत राहिली, आणि पहिल्यांदाच थांबेना. सासूबाईंचे गुडघे गेले होते. वस्तीवरचा संडास उकिडवं बसण्याचा. रोज पहाटे कामावर निघायच्या आधी कांचन त्यांना बगलेत धरून बसवायची आणि बाहेर उभी राहून पुन्हा उठवायची. घरात बाकी सगळे पुरुष. पुरुषांनी हात धरावा हे सासूबाईंना मरेपर्यंत चाललं नसतं. कांचनची रात्रपाळी असली की त्या संध्याकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मेडिकलमध्ये कांचन रोज ती खुर्ची बघायची: स्टीलचे पाय, मधे भोक, वर झाकण. आता बाईंनी अभ्यासच दिला म्हटल्यावर ती घेतली, रिक्षात घातली आणि घरी नेऊन सासूबाईंसमोर ठेवली. कागदात गुंडाळून, वर लाल रिबीन.

मी परीक्षकपण सोडून विचारलं, "रिबीन कशाला गं?"

"भेट आहे ना बाई."

घरात जे झालं ते तिनं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, मग मराठीवर आली. सासूबाईंनी आधी विचारलं, "कुनाच्या लग्नाचं हाय?" कुणाच्याच नाही म्हटल्यावर, "मंग काय काम हाय माझ्याकडं?" काहीच काम नाही म्हटल्यावर त्या चिडल्या. उगाच कोणी काही देत नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. त्यांनी रिबीन सोडून नीट गुंडाळून ठेवली आणि खुर्ची अंगणात काढायला लावली. तिथं ती राहिली. सासरे झाकण लावून तिच्यावर बसून पेपर वाचायला लागले. शेजारच्या वस्तीवरची बाई येऊन म्हणाली, लई भारी खुर्ची हाय, कुठून आनली? दीर हसून हसून लोळला. सासूबाई कांचनशी बोलायच्या बंद झाल्या, आणि पहाटे तिचा हात धरून जायच्या चालू राहिल्या, तोंड दुसरीकडे करून.

मला गोष्ट आवडली. पण मी मास्तरीण. मी कांचनला बजावलं, "हे तोंडातून बाहेर काढायचं नाही. परीक्षेत संडास नको. परीक्षक कोण असेल, कसा असेल, सांगता येत नाही. खुर्चीच्या जागी काठी म्हण. सासूला काठी दिली. छान, स्वच्छ, दोन मिनिटं."

ती बिचारी ऐकणारी. आठवडाभर ती मला काठी सांगत राहिली. काठी सांगताना तिची पुन्हा तीच गत. तिसऱ्या वाक्याला गाडी बंद. काठीला रंग कसला, तर तपकिरी. का निवडली? कारण गुडघे दुखतात. पुढं? पुढं काही नाही. मलाच कंटाळा यायला लागला. पण सोवळं सोडायला माझं मन तयार नव्हतं.

एके दिवशी ती आली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाई, मामी बसल्या." सासूबाईंना ती मामी म्हणायची. "काल मी रात्रपाळीहून आले तर खुर्ची आत होती. धुऊन ठेवलेली. मला म्हणाल्या, 'आता पहाटं उठायची गरज न्हाई तुला.' एवढंच."

मी म्हटलं, "चला, अबोला सुटला." त्यावर कांचन काही बोलली नाही. खरं तर तेव्हाच मला काही कळायला हवं होतं, पण मी पुढच्या कार्डाकडे वळले.

परीक्षा पुण्याला झाली. त्याच संध्याकाळी एस.टी.तून उतरून ती थेट क्लासवर आली, पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता.

"बाई, तुमचं ऐकलं नाही."

"काय केलंस?"

"कार्ड निघालं, कुणाच्या उपयोगी पडेल अशी वस्तू दिलीत का, म्हणून. मी काठी म्हणणारच होते. पण तोंडातून खुर्ची बाहेर आली. संडासची. सगळं सांगितलं. भोक, झाकण, रिबीन."

"आणि परीक्षक?"

"बाई होत्या. वयस्कर. काही नाही, भिंत. मी म्हटलं, सासूबाई रागावल्या. त्यांनी विचारलं, का रागावल्या? आणि मला..." ती थांबली. "बाई, तोवर मी स्वतःलासुद्धा हे सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, कारण त्यांना समजलं. मी खुर्ची दिली ती त्यांच्या गुडघ्यांसाठी नाही, माझ्यासाठी. मी गेले तर त्यांना कोण धरणार, म्हणून मला जाता येत नव्हतं. खुर्ची आली की माझा हात लागणार नाही. मी माझी सुटका विकत घेतली, आणि तिला रिबीन लावून त्यांना दिली."

"हे तू इंग्रजीत म्हणालीस?"

"हो. चुकत असेल."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"थँक यू."

निकाल लागायला थोडे दिवस गेले. लागला, आणि लागणाऱ्या मार्कापेक्षा एक मार्क जास्त आला. मला फोन करून कांचन एवढंच म्हणाली, "बाई, झालं." माझ्या काठीचा विषय कुणी काढला नाही. धंद्यात असा माझा अपमान पुष्कळदा झाला आहे, पण इतका आनंदानं मी एकदाच सोसला.

तिचं तिकीट निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी मुलांना 'हवामान' हा विषय घेऊन बसवलं होतं. खालून दुकानदारानं हाक मारली, "बाई, तुमाला भेटाया आल्यात. जिना चढता येत न्हाई त्यांना."

खाली गेले तर एक उंच, काळीसावळी म्हातारी युरियाच्या गोणीवर बसलेली. दुकानदारानं आपली खुर्ची दिली होती, ती त्यांनी नाकारली होती. कांचनला बॅगा घ्यायच्या होत्या, तिला दुकानांत पिटाळून या इथं उतरल्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"तुमीच का बाई?"

"हो. बसा ना नीट, खुर्ची आहे."

"खुर्च्या लई झाल्या." त्या म्हणाल्या. "मला एक इच्यारायचं हाय. सून कशी काय पास झाली? दोनदा न्हाई झाली, मंग आता काय बोलली त्या सायबापुढं?"

"परीक्षा घेणाऱ्या बाई होत्या. तुमच्याबद्दल बोलली."

"खुर्चीचं बोलली?"

"हो."

"समद्यांपुढं?"

"नाही हो, त्या एकट्याच होत्या."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं खाली सांडलेलं खत जरा बाजूला केलं. "का दिली म्हनून सांगितलं तिनं?"

"तुमचे गुडघे दुखतात म्हणून," मी म्हटलं.

"बाई, तुमी शाळंत शिकवत व्हता नं? मंग खरं बोला."

जन्मभर मी मुलांच्या थापा पकडल्या, पण माझी थाप अशी पहिल्या वाक्याला कुणी पकडली नव्हती. मी सांगितलं. कांचननं जसं सांगितलं होतं तसंच, रिबिनीसकट. सांगताना मला वाटत होतं की आता ही म्हातारी उठेल, घरी जाईल आणि तिकीट चुलीत घालेल. पण खोटं आणखी बोलवेना.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. हूं म्हणाल्या नाहीत.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "उघडली तवाच कळलं. घरातले हसले, त्यांना वाटलं म्हातारी लाजली. मला कसली लाज? मी त्या खुर्चीत बसले आसते तर ती मोकळी झाली आसती. म्हनून न्हाई बसले. अंगनात ठिवली. रोज पहाटं तिचा हात धरायचा आन् म्हनायचं, आजचा दिस तर गेला."

"मग बसलात कशा?"

"तिची रातपाळी व्हती. तहान लागली. पानी घ्यायचं न्हाई म्हनून तांब्या लांब सरकिवला. आन् मंग मला माझाच राग आला. पोरगी मला पानी पी म्हनती, आन् मी तिला अडवायला तहानलेली बसती. उठले. पोराला म्हनलं, ती खुर्ची आत आन." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "बसले, म्हंजी जा म्हनले तिला. तिला कळलंच न्हाई ते. तिला वाटतं, मी चोरून काईतरी केलं, मामीला फसवलं. तिकीट आल्यापून तोंड लपवती माझ्यापून. तिला सांगा तुमी, मी आपन व्हऊन बसले."

"तुम्हीच सांगा की घरी. तुमचं तिला जास्त पटेल."

"न्हाई जमायचं. मराठीत मला रडू यील. तुमी विंग्रजीत सांगा."

तेवढ्यात कांचन आलीच, दोन्ही हातांत दोन चाकांच्या बॅगा. सासूला माझ्यापुढं बसलेली बघून दुकानाच्या पायरीवरच थबकली, शाळेत मुख्याध्यापकांसमोर पालक दिसल्यावर मुलं थबकतात तशी. दुकानदार मापात बियाणं ओतायचं सोडून आमच्याकडे बघत होता. मी कांचनला सगळं इंग्रजीत सांगितलं. अंगणातली खुर्ची, रोजचा धरलेला हात, लांब सरकवलेला तांब्या, आणि बसण्याचा अर्थ. सोपी, छोटी वाक्यं. सासूबाई एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या, आणि एकही शब्द न समजता प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

बॅगा तिथंच सोडून कांचन त्यांच्या शेजारी गोणीवर बसली. पदराचं टोक तोंडात धरून खाली बघत राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

सासूबाईंनी मला विचारलं, "समदं सांगितलं का?"

"सगळं."

"विंग्रजीतच नं?"

"इंग्रजीतच."

त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून, मी त्यांना फसवल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मंग रडती कशी ही? विंग्रजीत बी रडू येतं व्हय?"